शेऱ्याचा रकाना

कूलर बंद करावा लागतो.
बाहेर मे महिना, सेहेचाळीस,
आणि यंत्राला थरथर चालत नाही.
तेवढी पाच मिनिटं
मी, उरकुडे आणि नागनदीची बाटली
तिघंही घाम गाळत गप्प.

पहाटे पारडीच्या पुलाखाली
उरकुडे उतरला होता पाण्यात,
प्रवाहाकडे तोंड करून,
बूच पाण्याखालीच उघडून, शिकवलं तसं.
लेबलावर त्याचं गिचमिड अक्षर:
सहा दहा. पाणी गुडघ्याएवढं. वास आहे.
वासासाठी फॉर्मात जागा नाही,
तो कडेला लिहितो. दर वेळी.

मी बाटली उलटीसुलटी करते,
हळू, दहादा. फेस नको.
मग गाळून थेंब थेंब
काचेच्या चौकोनी नळीत.
काचेला बोट लागलं
तर यंत्र माझं बोट मोजेल.

लाल किरण आत जातो.
कण दिसत नाहीत.
अकरा वर्षांत एकही दिसला नाही मला.
दिसते त्यांची तगमग.
पाणी सगळ्यांनाच ढकलतं,
लहान असतो तो जास्त भिरभिरतो,
मोठा मानाच्या पाहुण्यासारखा सरकतो.
त्या भिरभिरीवरून आकार काढायचा.
एवढीच ही विद्या.

आई मनसरला
मँगनीजच्या ढिगावर चाळणी मारायची.
आवाजावरून सांगायची
कुठला खडा वर राहील, कुठला जाईल.
रात्री पदर झटकला
की दिव्यापुढे काळी भुकटी तरंगायची,
खाली येतच नसे.
मजुरी वरच्या खड्यांची होती.
शेवटच्या चाळणीतून जे निसटलं
ते तिनं फुकट घरी आणलं,
थोडं केसांत,
बाकीचं डॉक्टरनं फोटोत दाखवलं.

उरकुडेला एकदा समजावून पाहिलं:
दहापट मोठा कण
दहा लाखपट उजेड फेकतो.
असा एक जरी नमुन्यात आला
तरी दहा लाख लहानग्यांएवढा तो एकटाच चमकतो.
ते असतात,
आकड्यात येत नाहीत.
तो म्हणाला,
"हे त आमच्या वस्तीच्या मीटिंगीवानी झालं, मॅडम."

पडद्यावर रेघ चढते.
चारशे नॅनोमीटरला भलीमोठी टेकडी,
आणि अलीकडे, चाळिसाजवळ,
एक उंचवटा,
म्हटलं तर आहे, म्हटलं तर डाग.
खाली ठळक अक्षरांत
सरासरी: दोनशे बारा.

दोनशे बाराचा कण
या बाटलीत सापडणार नाही.
अहवालात मात्र तोच जाईल,
सहीशिक्क्यासकट,
आणि वरच्या मजल्यावर
कुणीतरी त्याला मागच्या महिन्याच्या
एकशे नव्वदशेजारी बसवेल.

"सहा दहाचं पाणी त कधीच वाहून गेलं,"
उरकुडे म्हणतो,
"आता तुमी कोनाले मोजून राहिल्या?"

खरंय.
ते आता कन्हानच्या वाटेला लागलं असेल,
कुणाच्या म्हशीच्या पाठीवरून,
कुणाच्या पालकाच्या वाफ्यातून.
मी नळी बदलते.
उत्तर देत नाही.

तो वाकून किरणाकडे बघतो,
डोळे बारीक करून.
"हे माह्या घरी बी दिसते.
टिनाले भोक हाये ना,
दुपारी उन्हाची काडी पडते खाटेवर.
पोरगी तिच्यात हात घालते,
म्हनते, बाबा, पकडू काय?"
"मग?"
"मंग काय. मूठ उघडली का काहीच नाही."

तीनदा मोजलं.
दोनशे बारा, दोनशे नऊ, दोनशे पंधरा.
यंत्र प्रामाणिक आहे,
आपण विचारलं तेवढंच सांगतं.

शेऱ्याचा रकाना
मी सहसा रिकामा ठेवते.
आज पेन उघडून लिहिलं:
लहान कण आहेत, किती ते कळलं नाही.
जरा थांबून, त्याच्याच शब्दांत,
वास आहे.

उरकुडेनं उठून कूलर लावला.
खसाचा ओला वारा कागदांवर आला,
अहवाल उडाला,
आणि तो धरायला दोघंही धावलो.
पुढची बाटली फुटाळ्याची.
बुचाशी काहीतरी हिरवं अडकलंय.